जुनी पिकअप आणि मालकाचे कर्तव्य

आपल्या संघाच्या स्मरणिकेत करपद्धती, बाजारभाव, गुदामे, पतपेढ्या अशा विषयांवर जाणकारांचे लेख दरवर्षी येतात आणि ते उपयुक्तही असतात. परंतु ज्या साधनावाचून आपल्यापैकी एकाचेही दुकान आठ दिवस चालणार नाही, त्या मालवाहू गाडीविषयी सहसा कोणी लिहीत नाही. हा विषय गॅरेजवाल्यांचा आहे, व्यापाऱ्यांचा नव्हे, अशी समजूत आपल्यात रूढ झाली आहे. ती चुकीची व घातक आहे असे माझे मत असून, ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

पेडणे व डिचोली या तालुक्यांचा बहुतेक किराणा माल बाहेरून येतो. गहू, ज्वारी, डाळी, साखर यांतील काही माल बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या मार्गाने केरीस उतरतो, तर काही आंबोली घाटाने सावंतवाडी व बांद्यावरून पत्रादेवीस गोव्यात शिरतो. मोठा ट्रक बाजारपेठेपर्यंत येतो. तेथून पुढे वाड्यावाड्यांवरच्या लहान दुकानांपर्यंत पोती पोहोचविण्याचे काम पिकअप करते. मागच्या पिढ्यांनी ते बैलगाडीकडून करून घेतले. पुढे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली उभारलेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकीने तर 'टेम्पो' हा शब्दच आपल्या बोलण्यात रुजविला. त्यानंतर मॅटाडोर आली, टाटा २०७ आली, बोलेरो पिकअप आली, आणि २००५ पासून 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी टाटा एस घराघरांपुढे उभी राहू लागली. नवी गाडी घेणे प्रत्येकास परवडत नाही. म्हणून आपल्या बाजारात ज्या पिकअप धावतात त्यांतील पुष्कळशा दुसऱ्या वा तिसऱ्या हातातल्या असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र जुनी गाडी विकत घेणाराने तिच्याबरोबर तिचे दोषही विकत घेतलेले असतात, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

हे दोष तीन प्रकारचे असतात. काही कारखान्यातच राहून गेलेले असतात, काही वापराच्या झिजेने उत्पन्न होतात, आणि काही आपण आपल्या हातांनी निर्माण करतो. प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. तिन्हींची गल्लत केली की उत्पादकास उगाच दोष दिला जातो, किंवा त्याचा खरा दोष आपण मुकाट्याने आपल्या खिशातून भरून काढतो.

प्रथम कारखान्याच्या दोषाविषयी. एखाद्या भागात धोकादायक उणीव आढळल्यास उत्पादकाने त्या तुकडीतील सर्व गाड्या परत बोलावून तो भाग विनामूल्य तपासावा वा बदलून द्यावा, या पद्धतीस 'रिकॉल' म्हणतात. अमेरिकेत १९६६ साली यासंबंधी कायदा झाला. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने पाळावयाची संहिता स्वीकारली. पुढे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील सुधारणेने गाड्या परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. सरकारला असा आदेश काढावा लागल्यास उत्पादकास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सारे मोटारगाड्यांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्रा कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप गाड्या एका द्रववाहक नळीची जोडणी सदोष असावी या शंकेवरून तपासणीसाठी बोलाविल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ५,००२ सुपर कॅरी गाड्या बोलाविल्या. त्यांच्यात चालकाशेजारच्या आसनाच्या सुरक्षापट्ट्याचे बकल ज्या बोल्टने बसविलेले असते, तो पुरेसा आवळलेला नसावा अशी शंका होती. त्या आसनावर आपला हमाल बसतो, कधी आपला मुलगाही बसतो. या गाड्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. त्यांतील कित्येकांचे मालक बदलले असतील.

काही मंडळी अशा बातमीने त्या कंपनीविषयी साशंक होतात. मला ते पटत नाही. दिलेल्या पोत्यांत कीड निघाली तर सचोटीचा व्यापारी स्वतः गिऱ्हाइकाला निरोप धाडतो व पोते परत घेतो. त्याची पत त्यामुळे वाढते. आपणही उत्पादकास तोच न्याय लावावा.

परंतु निरोप धाडला तरी तो पोहोचला पाहिजे, आणि येथेच आपले घोडे अडते. कंपनीची सूचना जाते ती तिच्या दप्तरी नोंदलेल्या मालकाच्या पत्त्यावर. आपल्याकडे सिंधुदुर्ग वा बेळगावाकडून घेतलेली गाडी महिनोन्‌महिने जुन्या नावावर व जुन्या पाटीवर चालविली जाते. सह्या केलेले कोरे अर्ज गल्ल्यात पडून असतात. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने चार वर्षे वापरलेली पिकअप अशीच घेतली. तिचा एक भाग बदलून घ्यावा असे पत्र मूळ मालकाकडे केव्हाच येऊन गेले होते, आणि त्याने गाडी विकली असल्यामुळे ते बाजूस टाकले होते. सेवाकेंद्रात चॅसिस क्रमांक तपासला तेव्हा हे उघडकीस आले व काम पैसा न पडता झाले. तोवर मधले वर्षभर ती गाडी घाट चढत-उतरत होती.

वास्तविक कायदा स्पष्ट आहे. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नावबदलाची सूचना परिवहन कार्यालयास द्यावयाची असते, आणि दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची झाल्यास तिची येथे नव्याने नोंदणी करावयाची असते. त्यात खर्च आहे, खेपा आहेत, हे मी जाणतो. परंतु नाव न बदलल्यास अपघातानंतर स्वतःच्या गाडीची नुकसानभरपाई मागतानाही अडचण येते. म्हणून जुनी पिकअप घेताच दोन कामे करावी. पहिले नावबदलाचे, आणि दुसरे उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवाकेंद्रात चॅसिस क्रमांक दाखवून तिच्यावर कोणती सूचना शिल्लक आहे काय, हे पाहण्याचे. या दुसऱ्या कामास पाच मिनिटे पुरतात. घरातील शिकत्या मुलामुलींनी ते अंगावर घ्यावे.

दुसरा प्रकार झिजेचा. पिकअपवाल्यांच्या तक्रारी सर्वत्र सारख्याच ऐकू येतात. पाटे तुटतात, क्लच प्लेट लवकर जाते, स्टेअरिंगला खेळ येतो, चाकाचे बेअरिंग आवाज करते, ब्रेक एका बाजूस ओढतो. आपल्या प्रदेशात त्यांच्यात हवेची भर पडते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते कमी उष्णतेस उकळते, आणि चोर्ल्याच्या उतारावर तापलेला ब्रेक पायाखाली मऊ पडतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. नुसती वरून भर घालून भागत नाही. डिचोलीच्या बाजूस खनिजाची लाल धूळ ड्रममध्ये शिरून लायनर खाते.

सर्वांत मोठा शत्रू गंज होय, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. पेडणे तालुक्यात आगरवाड्याकडे मिठागरे आहेत. मीठ किंवा मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून खारे पाणी झिरपून चॅसिसच्या घडीत, पाट्यांच्या हँगरपाशी आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर साचते. अशी गाडी रंग देऊन, फाळके नवे बसवून विकावयास आली म्हणजे नव्यासारखी दिसते. घेणाराने खाली वाकून पाहावे, हातोडीने चॅसिस ठोकून पाहावी. ठणठणीत आवाजाऐवजी बोदा आवाज आला, किंवा नव्या वेल्डिंगचा ठिगळ दिसला, तर तो सौदा सोडून द्यावा. आपल्या स्वतःच्या गाड्यांच्या हौद्यातही भिजलेली गोणपाटे दिवसेंदिवस पडून असतात. ती काढावी, पाण्याची भोके मोकळी ठेवावी, आणि मृग लागण्यापूर्वी गाडीचे पोट धुऊन त्यास गंजरोधक लेप द्यावा.

तिसरा प्रकार आपल्या हातचा, म्हणजे अतिभार. सव्वा टन क्षमतेच्या पिकअपवर ५० किलोची २५ पोती बसतात. आपण ४० चढवितो, म्हणजे २ टन भरतो, आणि नंतर पाटे तुटले म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडतो. कायद्यानुसार अतिभारास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. १५ पोत्यांच्या वाचलेल्या भाड्यात तो किती वेळा भरून निघेल, याचा हिशेब व्यापाऱ्यास मी सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' हा एक सांगितला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो बैलाविषयी होता, पिकअपला जीव नाही, असे म्हणून आपणांस सुटता येईल काय? पाट्यास वेदना होत नाही हे खरे. पण तो वळणावर तुटतो तेव्हा सुकाणूवर आपला चालक असतो, कित्येकदा पोत्यांच्या थप्पीवर हमाल बसलेला असतो, आणि समोरून शाळेची मुले येत असतात. यांपैकी कोणीही पोती मोजून घेतलेली नसतात. ती आपण मोजलेली असतात. ब्रेक मऊ लागतो असे चालकाने सांगितले असता 'हा आठवडा काढ, पुढच्या आठवड्यात बघू' असे उत्तर देणारा शेठ त्या गाडीत स्वतः बसत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आता उपायाचा विचार करू. आपण तक्रार करतो ती चहाच्या टपरीवर आणि गॅरेजच्या बाकावर. तिची नोंद कोठेही होत नाही. उलट रिकॉलचे नियम नोंदींवर उभे आहेत. विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तरच सरकारी चौकशीची पाळी येते, आणि तीही सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांसाठी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक आयोगापुढे सहसा 'ग्राहक' ठरत नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः ती वापरणारास सवलत आहे. तेव्हा एकट्या दुकानदाराचा आवाज बारीकच राहणार.

आवाज एकत्र झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपची चॅसिस गंजून कुजते अशा तक्रारी, विशेषतः जेथे बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या थंड प्रांतांतून, येऊ लागल्या. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० सालच्या टॅकोमांची गंजाची हमी १५ वर्षांपर्यंत वाढविली, आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन परत घेतल्या. त्यानंतरच्या गाड्यांबाबत मालकांनी एकत्र दावा केला व २०१६ मध्ये तडजोड झाली. दोष मान्य न करताही कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची जबाबदारी पत्करली. तेथे रस्त्यावरचे मीठ होते, येथे समुद्राची हवा व चार महिन्यांचा पाऊस आहे. त्या मालकांनी आपल्या तक्रारी लिहून ठेवल्या होत्या, आणि आपण तेवढेच करीत नाही.

यास्तव संघाने आपल्या कार्यालयात एक नोंदवही उघडावी अशी माझी सूचना आहे. तीत गाडीचा प्रकार, उत्पादनाचे वर्ष, चॅसिस क्रमांक, धावलेले किलोमीटर, बिघडलेला भाग, भरलेले वजन आणि दुरुस्तीचा खर्च एवढे रकाने पुरेत. वजनाचा रकाना खरा भरावा, नाही तर सारी वही निरुपयोगी ठरेल. एकाच वर्षाच्या पाच गाड्यांचा एकच भाग मोडल्याचे दिसून आले, की संघाने उत्पादकास पत्र लिहावे व सभासदांकडून सरकारी संकेतस्थळावर रीतसर तक्रारी नोंदवून घ्याव्यात. तसेच दरवर्षी मे महिन्यात एक दिवस ठरवून जाणत्या मेकॅनिककडून सभासदांच्या गाड्यांचे ब्रेक, पाटे व चॅसिस तपासून घ्यावी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दरवर्षी घ्यावाच लागतो. पण तो दाखला त्या दिवसापुरता असतो, आणि गंज वर्षभर काम करीत असतो.

कोणी म्हणतील, धंद्यात नफा उरला आहे किती की हे उपद्व्याप करावेत? मला एवढेच म्हणावयाचे आहे की वहीस कागदाखेरीज खर्च नाही, नावबदलाचा खर्च एकदाच आहे, आणि २५ च्या जागी २५ च पोती भरण्यास मनोनिग्रहापलीकडे काही लागत नाही. येत्या वार्षिक सभेत या नोंदवहीचा ठराव कोणीतरी मांडावा व तरुण सभासदांनी तिचे काम हाती घ्यावे. वहीतील पहिल्या ओळीत माझ्या पेढीच्या गाडीची नोंद करावी, अशी विनंती करून हा लेख संपवितो.