खवा, चीज आणि गांवाचें नांव

फ्रान्स देशांतील लोकांस चीज फार प्रिय. दूध घट्ट करून, त्यांतील पाणी निथळून, मुरत ठेवलेला हा पदार्थ होय. त्याचे तेथें शेंकडों प्रकार आहेत व पुष्कळांस आपापल्या गांवाचें किंवा प्रांताचें नांव आहे. दक्षिणेकडील रोकफोर गांवचें चीज मेंढीच्या दुधाचें. तें तेथील डोंगराच्या थंड गुहांतच मुरवावें लागतें. पूर्वेकडील डोंगराळ मुलखांत कोंते नांवाचें चीज होतें. त्याच्या एका चकतीचें वजन सुमारें ४० किलो असतें व तीस सुमारें ४०० लिटर दूध लागतें. एकट्याच्या गोठ्यांत इतकें दूध कोठून येणार? म्हणून तेथील शेतकरी तेराव्या शतकापासून आपलें दूध एकत्र करीत आले आहेत.

असे पदार्थ आपल्याकडे कां झाले नाहींत, असें कोणी विचारील. त्याचें मोठें कारण हवा. परभणीच्या उन्हाळ्यांत सकाळचें दूध न तापवितां ठेवलें तर दुपारपर्यंत टिकत नाहीं. मग तें महिनोन् महिने मुरविणार कसें? म्हणून आपल्या पूर्वजांनीं दूध आटवून खवा केला व लोणी कढवून तूप केलें. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांतील कुंथलगिरीचा खवा व पेढा मराठवाड्यांत कोणास ठाऊक नाहीं? दूध टिकविण्याची बुद्धि दोन्हीकडे एकच. हवा मात्र निराळी.

मग उणें कोठें आहे? तें नांव जपण्यांत आहे. रोकफोरच्या नांवाचें रक्षण करणारा कायदा फ्रान्सनें १९२५ सालीं केला. आपल्या देशांतही १९९९ सालीं भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला व २०१६ सालीं मंगळवेढ्याची ज्वारी, बीडचें सीताफळ आणि जालन्याची मोसंबी यांस तो मान मिळाला. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु कायदा नांवाची चोरी थांबवील, नांवास अब्रू मिळवून देणार नाहीं. सणासुदीस खव्यांत पीठ मिसळणारा एक मनुष्य साऱ्या गांवाची पिढ्यान् पिढ्यांची कमाई बुडवितो. आणि खवा कोठला, कोणीं केला, हें न विचारतां केवळ स्वस्त म्हणून घेणारे आपणही त्या दोषाचे वांटेकरी आहों.

विद्यार्थ्यांनो, ह्यांत तुम्हांसही करण्यासारखें आहे. थोडा खवा पाण्यांत उकळून थंड होऊं द्या व त्यांत आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. रंग निळा झाला तर त्यांत पीठ आहे असें समजा. शाळेच्या प्रयोगशाळेंत शिकलेली विद्या घरच्या स्वयंपाकघरांत अशी उपयोगी पडते.

पालकांसही एक विनंति आहे. डब्यांतील खव्याची पोळी झांकून ठेवून दुकानांतील पुड्याची ऐट मिरविण्याची संवय मुलांस लागूं देऊं नका. आपल्या गांवांत कोणता पदार्थ चांगला होतो, तो कोण करतें व कसा करतें, हें त्यांस सांगा. शक्य असेल तर नेऊन दाखवा. ज्या पदार्थाची आपल्याच मुलांस लाज वाटते, त्याचा मान जगानें कां राखावा? फ्रेंच शेतकऱ्यापासून घ्यावयाचें तें हेंच. चीज खाण्यास आपण शिकलों नाहीं तरी चालेल. पण आपल्या खव्याचें चीज करण्यास शिकलें पाहिजे.