टस्कीगी, मिलिंद आणि हिवऱ्याचा ताळेबंद

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचे कपाट उघडा, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ तिथे बहुधा सापडेलच. १९८१ साली आलेल्या या पुस्तकाने अमेरिकेतल्या कार्व्हर या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाला मराठी घरात आणून बसवले. मात्र १८९६पासून शेवटपर्यंत तो जिथे राहिला, त्या टस्कीगीकडे आपण फारसे पाहिले नाही. गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१मध्ये उभी केलेली ही संस्था. कापसाने नापीक केलेल्या जमिनीत शेंगा लावा, रताळी लावा, हे सांगायला इथून १९०६मध्ये घोडागाडी निघाली. शेतकऱ्याला कॉलेजात यायला सवड नाही, म्हणून कॉलेजच बांधावर गेले.

नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारच्या शिवारात फिरताना ती गाडी आठवतेच. एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना गावाने १९८९मध्ये सरपंच केले. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली आणि शेतीसाठी बोअर घेणे बंद झाले. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसे आणि जनावरे आधी, पिके नंतर. पाऊस कमी झाला तर रब्बीला कात्री लागते. शिकलेला माणूस गावी परतला तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही.

पण यंदाच्या अंकाचा विषय वंचितांनी, वंचितांसाठी उभारलेल्या शिक्षणसंस्था हा आहे, आणि तो एवढ्यावर भागत नाही. टस्कीगीच्या काळातच डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी वॉशिंग्टनांशी वाद घातला. हाताला कसब द्या हे खरे, पण कायदा, तत्त्वज्ञान, साहित्य का नको? आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था (१९१९) ‘कमवा आणि शिका’ म्हणत पहिल्या वाटेजवळून गेली. बाबासाहेबांनी १९४५मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५०मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. ही दुसरी वाट. १९४६मध्येच त्यांनी डु बॉईसना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. फुल्यांनीही ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केली होती. हे नाते जुने आहे. आपण ते जयंतीपुरते काढतो.

दुसऱ्या वाटेचे पीक उशिरा आले, पण कसदार आले. मेरीलँडच्या सरकारी विद्यापीठात कृष्णवर्णीयांना कायदा शिकायला मज्जाव असताना थरगुड मार्शल कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठातून १९३३मध्ये वकील झाले आणि १९५४मध्ये शाळांतला वर्णभेद त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मोडून काढला. मार्टिन ल्यूथर किंग १९४८मध्ये मोअरहाऊस या कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजातून पदवीधर झाले. इकडे मिलिंदला अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, गंगाधर पानतावणे शिकवू लागले. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक तिथल्याच वातावरणातले. दलित साहित्याचा इतिहास मिलिंदच्या आवारात, नागसेनवनात गेल्याशिवाय लिहिता येत नाही.

आता सगळी दारे कायद्याने उघडी आहेत, मग वेगळ्या संस्था कशाला, असे अमेरिकेत विचारतात, आणि आपल्याकडेही चहाच्या टपरीवर विचारतात. उत्तर आकड्यांत आहे. तिथल्या उच्च शिक्षणसंस्थांत कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठांचा वाटा जेमतेम तीन टक्के, तरी कृष्णवर्णीय पदवीधरांपैकी साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याच अंगणातला. दारातून आत आलेल्या मुलाला तू इथे कसा, असा प्रश्न जिथे विचारला जात नाही, तिथे त्याचे लक्ष अभ्यासात राहते. एवढे साधे कारण पुरेसे आहे. शिवाय आज या विद्यापीठांत इतर वर्णांची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात. मिलिंदही कधी एकाच समाजाचे नव्हते.

पैशाचे दुखणे मात्र दोन्हीकडे सारखे. १८९०च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना राज्यांनी न्याय्य वाटा दिला नाही, ही रक्कम बारा अब्ज डॉलरहून अधिक होते, असे अमेरिकी केंद्र सरकारने २०२३मध्ये सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना लेखी कळवले. निदान हिशेब तरी कोणी मांडला! आपल्याकडे शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर येते आणि मेसचे बिल दर महिन्याला येते. त्या मधल्या महिन्यांत कॉलेज सोडलेल्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात असते?

हिवऱ्यात पाण्याचा होतो तसा ताळेबंद या संस्थांनीही दरवर्षी माजी विद्यार्थ्यांसमोर मांडावा, अशी आमची सूचना आहे. किती मुले आली, घरातली पहिली शिकणारी किती, मधेच गळाली किती आणि कशापायी, गावी किती परतली, वसतिगृहाच्या खोल्यांची अवस्था काय, रिकाम्या प्राध्यापकपदांचे काय झाले. रयत, मिलिंद, सिद्धार्थ, कोणीही सुरुवात करावी. येणारा पहिला ताळेबंद आम्ही पुढच्या दिवाळीला जसाच्या तसा छापू. पाने राखून ठेवली आहेत.