सोबतीच्या माणसाची तयारी

दोन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाला रक्ताच्या कॅन्सरसाठी अ‍ॅडमिट करायचं ठरलं, तेव्हा आमचं घर चार दिवस फक्त बॅग भरत होतं. मऊ ब्रश, पुढून बटणं असलेले सुती शर्ट, थर्मामीटर, लांब वायरचा चार्जर. उशीवर केसांचे पुंजके बघायला नकोत म्हणून त्यानं केस आधीच बारीक करून घेतले. हे सगळं उपयोगी पडलं. पण त्या मुक्कामात आम्ही ज्यानं टेकीला आलो, त्याची तयारी कुणीच केली नव्हती.

त्याला एएमएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे. पहिली केमो सात दिवसांची, पण मुक्काम जवळपास महिनाभराचा, कारण खरा काळ जातो तो रक्तपेशींचे काउंट पडण्यात आणि परत वर येण्यात. अकराव्या दिवशी प्लेटलेट सात हजारांवर आल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. ब्रश करताना हिरडीतून आलेलं रक्त थांबेना. सिस्टर म्हणाल्या, "ताई, एसडीपी लागेल. डोनर बघा."

मी बाही वर करून उभी राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही नको. पुढे बोन मॅरो लागला तर सख्ख्या भावंडाचा जुळायची शक्यता चारात एक असते. आत्ता तुमचं रक्त दिलं, तर त्याचं शरीर तुमच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊन बसेल." ज्याच्यासाठी जीव तुटतो त्यालाच रक्त द्यायचं नाही, हे मला त्या कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा कळलं. हॉस्पिटल पुण्यात, घर तिथून चार तासांवर, हातात फोन, आणि ओळखीतल्या कुणाचा रक्तगट कोणता, काही पत्ता नाही.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या रक्तातून मशीनवर वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट. ती पिशवी पाचच दिवस टिकते, म्हणून आधी आणून ठेवता येत नाही. दात्याला तास-दीड तास मशीनशेजारी बसावं लागतं, हाताची शीर चांगली लागते, आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. दहा जणांना विचाराल तेव्हा दोघं पास होतात. भावाला त्या महिन्यात अशा सहा पिशव्या लागल्या. पहिल्या पिशवीसाठी रात्री साडेनऊला त्याच्या कंपनीतला एक मुलगा आला. शिफ्ट संपवून, जेवणाचा डबा तसाच खांद्याला. त्याचं ऋण मी कसं फेडू?

दुसरी गोष्ट वहिनीची. पंधरा रात्री ती बाकावर झोपली. दोनशे पानी वहीत ताप, गोळ्या, लघवीचं माप, सगळं वेळेसह लिहिलेलं. सोळाव्या दिवशी तिला सर्दी झाली आणि वॉर्डच्या दारातच तिला थांबवलं. ते बरोबरच होतं. लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाचशेच्या खाली असलेल्या माणसाला साधी सर्दीही जिवावर बेतते. पण तिच्या जागी बसायला दुसरं माणूस तयार नव्हतं. माझी रजा संपली होती, आईचे गुडघे चालत नव्हते. ती दाराबाहेर उभी राहून काचेतून बघत रडली.

माझं म्हणणं एवढंच आहे. अ‍ॅडमिशनची तारीख देतात त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करनं घरच्यांना अर्धा तास बसवून घ्यावं. दाते कोण, रात्रीला पाळीनं कोण, सोबतीचं माणूस जेवणार आणि अंघोळ करणार कुठे, हे त्यांच्यासमोर लिहून काढावं. परगावच्या माणसाला रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही तिथेच भरून मिळावा. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराला जाताना स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, हे आम्हाला निघायच्या दिवशी शेजारच्या कॉटवाल्यांनी सांगितलं. यंत्रं आणि औषधं आहेत तिथे या अर्ध्या तासाला जागा नसावी, याचा मला राग येतो.

येत्या सोमवारी भाऊ पुढच्या फेरीसाठी जातोय. बॅग अजून रिकामीच आहे. फ्रिजवर मात्र वहिनीच्या अक्षरातली यादी लागली आहे: तेवीस नावं, फोन नंबर, रक्तगट, आणि चौघांपुढे 'शीर चांगली' असा शेरा. रात्रपाळीत मंगळवार-गुरुवार माझे. पहिलं नाव त्या कंपनीतल्या मुलाचं आहे. त्यानं ते स्वतः फोन करून लिहायला लावलं.