पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन नमः!

मंडळी, 'शाळेतून जावा काढा, पायथन आणा' हे हल्ली कुठल्याही आयटीवाल्याच्या तोंडी सापडतं. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यातलंच बघा. पाचगणीत आयसीएसईच्या शाळा आहेत. या बोर्डात नववी-दहावीला 'कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स' घेतलं की जावा आलीच. म्हणजे पसरणीचा घाट चढून वर गेलं की चौदा वर्षांची पोरं क्लास आणि ऑब्जेक्ट शिकतायत. हेवा वाटावा अशीच गोष्ट! मग बोंब कशाची? तर पहिल्या ओळीची. पडद्यावर नुसतं 'नमस्कार' छापायला आधी क्लास, मग 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'. पोरगं विचारतं, स्टॅटिक म्हणजे काय? उत्तर ठरलेलं: "आत्ता पाठ कर, पुढे कळेल." यापेक्षा पाढे बरे राव!

तक्रार खरी होती. पण होती! १९९५ साली आलेल्या जावाने सप्टेंबर २०२५ मध्ये, जावा २५ मध्ये, हा सोपस्कार कायमचा ऐच्छिक केला. आता क्लास न लिहिता नुसतं 'व्हॉइड मेन' लिहिलं तरी प्रोग्रॅम चालतो. स्टॅटिक वगैरे ज्याच्या त्याच्या वेळी शिकवा.

खरं दुखणं वेगळंच आहे. बोर्डाच्या पेपरात प्रोग्रॅम कागदावर पेनाने लिहायचा. अहो, जावाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिचा कंपायलर. आकड्यासाठी ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये नाव कोंबायला गेलात, तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच तो कान धरतो, वर ओळीचा नंबर सांगतो. पायथनमध्ये असा घोळ बहुतेक वेळा प्रोग्रॅम चालता चालता मध्येच उघडा पडतो. नवशिक्याला कंपायलरहून चांगला मास्तर कुठला? आणि नेमका तोच परीक्षेच्या वेळी वर्गाबाहेर उभा! कागद काही एरर देत नाही.

शाळेतल्या कामाला १०० मार्क आहेत, मान्य. पण पोरं घोकतात ती १०० मार्कांच्या लेखी पेपरसाठीच. आणि पायथन आणून काय होणार? सीबीएसईच्या बारावीला पायथनच आहे, तिथेही ७० मार्क लेखी पेपरला. घोकंपट्टीला भाषेचं वावडं नसतं.

तेव्हा जावाला शिव्या देणं पुरे. पेपर दोन तासांचा आहे ना? मग ते दोन तास पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवा. कंपायलर ओरडू दे, पोरांना चुका शोधू दे. प्रोग्रॅमिंग म्हणतात ते हेच!