अनुभवाचा सातबारा

कथा-कादंबरीच्या मूल्यमापनात ‘हे लेखकाने स्वतः भोगले आहे काय?’ हा प्रश्न मराठीत गेली काही दशके अशा अधिकाराने विचारला जातो, की होकारार्थी उत्तर मिळताच समीक्षेचे अर्धे काम उरकल्यासारखे वाटते आणि नकारार्थी उत्तर आले तर कृती धड न वाचताच तिच्यावर उसनेपणाचा शिक्का बसतो. या मताचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनाआधी प्रामाणिकपणे मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, दुबळा मुळीच नाही. पांढरपेशा लेखकांनी दीर्घकाळ खेडे, झोपडपट्टी आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांची जी गुळगुळीत चित्रे रंगवली, त्यांचा खोटेपणा उघडा पडला तो ते जीवन जगलेल्यांनी लेखणी हाती घेतल्यावरच. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहानंतर दलित जीवनाविषयीची जुनी कणवाळू कथा पुन्हा पूर्वीच्या विश्वासाने लिहिता येणे कठीण झाले. तेव्हा स्वानुभवाचा आग्रह ही ऐतिहासिक गरज होती, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

मात्र या आग्रहातून काढला जाणारा निष्कर्ष, की जगलेले तेवढेच खरे लिहिता येते, हा आधारविधानांच्या फार पुढे जाणारा आहे. ज्या आत्मकथनांचा दाखला त्यासाठी दिला जातो, त्यांचीच रचना त्याविरुद्ध साक्ष देते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) निवेदन करतो तो दगडू मारुती पवार, आणि ऐकतो तो लेखक झालेला दया पवार, दोघे एकच व्यक्ती असूनही त्यांच्यामध्ये शिक्षणाचे, शहराचे आणि काहीशा लाजेचेही अंतर आहे. स्वतःचेच आयुष्य सांगावयाचे असताना सांगणारा आणि ऐकणारा अशी फोड का करावी लागली? कारण भोगणाऱ्याला जे एकसंध दुःख म्हणून जाणवते, त्यातले काय सांगावे, काय गाळावे आणि कोठे थांबावे हे ठरवण्यासाठी त्या दुःखाबाहेर एक जागा लागते. ‘बलुतं’ने ती जागा पुस्तकातच उघडपणे बांधली, आणि तिची थोरवी पुष्कळ अंशी या बांधणीत आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींचा शोक श्लोकरूप झाला, या आनंदवर्धनांच्या विधानावर भाष्य करताना अभिनवगुप्त आवर्जून बजावतात, की हा शोक मुनींचा वैयक्तिक शोक समजू नये. स्वतःच्या दुःखाने व्याकूळ झालेल्याला काव्यरचनेस अवसर कोठून मिळणार? भट्टनायकांनी मांडलेली साधारणीकरणाची कल्पना, म्हणजे भावावरील ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ ही खूण गळून तो सर्वांना आस्वाद्य होणे, याच दिशेची आहे. तिचा गैरवापरही होतो, हे येथे नोंदवावयास हवे: साधारणीकरणाच्या नावाखाली माणसाची जात, पेठ, घरातील जागा पुसून टाकण्याची सोय काही लेखकांनी करून घेतली. कादंबरीत तपशील गळून पडावयाचा नसतो. गळावयाचा असतो तो त्या तपशिलावरील लेखकाचा खाजगी ताबा.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, आणि तिची निवेदिका यमू स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. लेखक पुरुष, तोही ऐन विशीतला. बालवधूचे सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन यांतले काहीही त्याने स्वतः भोगलेले नव्हते. अनुभवाचा सातबारा तपासूनच प्रवेश द्यावयाचा, तर मराठी कादंबरीला तिच्या या पहिल्या मोठ्या कृतीवरच पाणी सोडावे लागेल. हरिभाऊंकडे होती ती ब्राह्मणी एकत्र कुटुंबाची आतली ओळख, घरातील बायकांच्या बोलण्याचा नेमका कान आणि शंकरमामंजींसारख्या ढोंगी पुरुषाला ओळखण्याची नजर. ही कादंबरी निर्दोष नाही. मधूनमधून यमूच्या तोंडून सुधारकाचे व्याख्यान ऐकू येते. पण तिचे पारडे हलके होते ते अशा व्याख्यानांत, ज्यांतली मते लेखकाची स्वतःची, पुरेपूर जगलेली होती. पात्र म्हणून यमू उभी राहते ती लेखक स्वतःला विसरतो तेथे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) स्वानुभवाची हीच मर्यादा भौगोलिक होऊन दिसते. युरोपहून बोटीने परतण्याचा प्रवास बेडेकरांनी केलेला होता, त्यामुळे कादंबरीचा मोठा भाग अनुभवाशी निगडित आहे. परंतु चक्रधर मुंबईला उतरतो, आणि ज्यू निर्वासित हॅर्टा मात्र त्याच बोटीने पुढे पूर्वेकडे जाते; त्यानंतर येतात ती तिची पत्रे. प्रवासी बेडेकरांचा अनुभव धक्क्यावर संपला, कादंबरीचा सर्वांत भेदक भाग तेथून सुरू झाला.

याउलट कल्पनाशक्ती स्वयंपूर्ण आहे, अनुभव ही कुबडी आहे, असे मानणाऱ्यांची बाजू फार वेळ घेण्याजोगी नाही. घर, बोली, व्यवसाय यांची ओळख नसलेली कल्पना जुन्याच कथानकांची उसनवार करते, एवढे म्हणणे पुरे. ज्याने ते जीवन जगलेले नाही, त्याच्यावर ते समजून घेण्याचे कष्ट दुप्पट पडतात; आणि ज्याने जगले आहे, त्याला रचनेचे कष्ट माफ होत नाहीत. समीक्षेने या दोन्ही कष्टांचा हिशेब पानांवरून घ्यावा, आणि प्रकाशकांनी नव्या कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर ‘लेखकाच्या प्रत्यक्ष जीवनावर आधारित’ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र छापणे आता थांबवावे.