कला : विद्या की तोंडीलावणे?

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांतून हल्ली कलेचा मोठा उदोउदो चालला आहे. विद्यार्थ्यांस दोन दिवस माती मळू द्यावी, रंग फासू द्यावे, ढोल बडवू द्यावा, आणि तिसऱ्या दिवशी सर्जनशक्ती जागृत झाल्याचे प्रशस्तिपत्र त्यांच्या हाती ठेवावे, अशी पुष्कळ ठिकाणची रीत आहे. या सन्मानाने रसिकांनी हुरळून जावे काय? आमच्या मते कलेची याहून मोठी विटंबना दुसरी नाही.

कला म्हणजे दृष्टीस व विवेकास लावावयाची कडक शिस्त. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. रंगांधत्वामुळे त्यांस रंगकाम सोडावे लागले. परंतु यांत्रिक रेखाटनावर त्यांनी हात बसविला, पुढे तोच विषय शिकविला, आणि अखेर लोखंडी नांगर घडविला. हे दोन दिवसांच्या शिबिरात साधले असते काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स मार्च नेतृत्व हा विषय शिकवीत, तेव्हा विद्यार्थ्यांपुढे ‘ऑथेल्लो’, ‘सेंट जोन’, ‘वॉर अँड पीस’ व ‘डॉन क्विक्झोट’ या कृती ठेवीत. त्यांत नफा वाढविण्याची एकही युक्ती नाही. संशयाने शूर पुरुषही कसा आंधळा होतो, रणांगणावर सेनापतीच्या हुकुमास किती थोडी किंमत उरते, हे मात्र त्यांत आहे.

“पण धंद्यास याचा उपयोग काय?” असे व्यवहारी गृहस्थ विचारतील. २००१ साली बुडालेल्या एन्रॉन कंपनीचे एक प्रमुख जेफ्री स्किलिंग हे हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयाचे पदवीधर होते. २००६ साली न्यायालयाने त्यांस फसवणुकीबद्दल दोषी ठरविले. आकडेमोडीत ते कच्चे होते, असे कोण म्हणेल? नाटके वाचून मनुष्य साधू होतो, असे आमचे म्हणणे नाही. परंतु मनुष्यस्वभाव न वाचताच हजारो माणसांवर अधिकार चालविणे धोक्याचे आहे, एवढे खास.

म्हणून लक्षावधी रुपयांचे कर्ज काढून मुलांस तेथे धाडणाऱ्या आईबापांनी चालकांस स्पष्ट विचारावे : कलेस पूर्ण वर्षाचा अभ्यास व जाणता शिक्षक देता काय? चुकलेली रेघ पुसून पुन्हा काढावयास लावता काय? ज्या विषयात नापास होण्याचे भय नाही, तो विषय तेथे कोणी शिकवीतही नाही आणि शिकतही नाही. हे जमत नसेल, तर ढोल खुशाल बडवावे. कलेचे नाव तेवढे घेऊ नये.