सांधा गेला कुठे?

मागे एकदा आमच्या गल्लीतल्या गणपतीत क्रिकेटची मॅच भिंतीवर दाखवायचं ठरलं. चित्र चांगलं रुंद हवं म्हणून मंडळाच्या पोरांनी दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी मांडले. एकातून डावी बाजू, दुसऱ्यातून उजवी. झालं! बोलर मधोमध आला की जिना चढल्यासारखा दिसायचा, एका बॉलचे दोन बॉल व्हायचे आणि मधे उभा पांढराफटक पट्टा. प्रोजेक्टरखाली वह्या-पुस्तकं सरकवण्यात पाच ओव्हर संपल्या!

हेच दुखणं मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही होतं बरं का. अमेरिकेत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९८-९९ च्या सुमाराला हेन्री फुक्स यांच्या गटाला खोलीच्या भिंतींचाच पडदा करायचा होता. आपल्या नाशिकचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले रमेश रासकर त्या गटात होते. प्रोजेक्टर हाताने जुळवत बसण्यापेक्षा त्यांनी कॅमेरा लावला. बघायचं कॅमेऱ्याने, जुळवायचं कॉम्प्युटरने.

पण भिंतीवरचा अमुक ठिपका प्रोजेक्टरच्या कितव्या रकान्यातला, हे कॅमेऱ्याला कळणार कसं? रकाने तर १०२४!

मनातला आकडा ओळखायचा खेळ तुम्ही खेळला असाल. “५१२ च्या पुढचा का?” हो किंवा नाही कळलं, की निम्मे आकडे बाद. असे फक्त १० प्रश्न विचारले की १०२४ मधला कुठलाही आकडा सापडतो. पटत नसेल तर ताईला आकडा धरायला सांगा.

इथेही तेच. प्रोजेक्टर आधी निम्मं पांढरं, निम्मं काळं चित्र टाकतो. मग चार पट्टे, मग आठ... दहाव्या चित्रात पट्टा एका ठिपक्याएवढाच रुंद. दर वेळी कॅमेरा फोटो काढतो. पांढरं म्हणजे ‘हो’, काळं म्हणजे ‘नाही’. दहा फोटो वाचले की रकाना सापडला! आडवे पट्टे टाकून ओळही अशीच शोधायची. (अगदी बारीक पट्टे कॅमेऱ्याला धूसर दिसतात, तिथे थोडा अंदाज बांधावा लागतो.)

दोन्ही प्रोजेक्टरांच्या ठिपक्यांचा पत्ता मिळाला, की कॉम्प्युटर चित्र मुद्दाम उलट्या बाजूला तिरकं करून पाठवतो. भिंतीवर ते सरळ पडतं. पांढऱ्या पट्ट्यावर दोघांचाही उजेड पडत असतो. तिथे एकाचा हळूहळू कमी करायचा, दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे बेरीज सगळीकडे सारखी. रात्रीच्या दृश्यात मात्र सांधा अजूनही डोकावतो, कारण प्रोजेक्टरचा काळा रंग पुरता काळा नसतोच.

पुढे २००० साली प्रिन्स्टन विद्यापीठात तब्बल २४ प्रोजेक्टर असे जुळवले. १८ फूट रुंद पडदा! तो जवळून टिपायला त्यांनी मान वळवणारा कॅमेरा वापरला.

आता सांगा पाहू, रकाने १९२० असतील तर उभ्या पट्ट्यांची किती चित्रं लागतील? दहांत भागेल का?